बुडी मारा, पण लगेच घाट चढू नका!

दोस्तांनो, एका दिवसाची सहल म्हटली की आपण काय करतो? डबा भरतो, पाण्याची बाटली घेतो आणि पहाटेची गाडी पकडतो. जपानच्या टोकियो शहरातली कितीतरी माणसंही सुट्टीच्या दिवशी अशीच भल्या पहाटे निघतात. पण त्यांना जायचं असतं थेट समुद्राच्या पोटात! पाठीवर हवेची टाकी, तोंडात नळी, पायांत बदकासारखे रबरी पंजे. दोन बुड्या मारायच्या आणि रात्री जेवायला घरी परत. आहे की नाही मजा?

आता नकाशा उघडा. टोकियोच्या नैर्ऋत्येला इझू नावाचं द्वीपकल्प दिसेल. त्याच्या पूर्व किनाऱ्यावर, इतो गावाजवळ, 'इझू ओशन पार्क' आहे. सुमारे ४००० वर्षांपूर्वी ओमुरो नावाच्या ज्वालामुखीचा लाव्हा वाहत इथे समुद्रात उतरला. त्याच काळ्या खडकांच्या कपारींतून आज मासे लपाछपी खेळतात. पश्चिम किनाऱ्यावर आहे ओसेझाकी. इथलं पाणी शांत, म्हणून नवशिके इथेच शिकायला येतात. पाण्यातून डोकं वर काढलं, की हवा स्वच्छ असेल तर समोर साक्षात फुजी पर्वत! शेजारच्या सुरुगा उपसागराची खोली मात्र सुमारे २५०० मीटर. जपानमधला हा सर्वांत खोल उपसागर, बरं का!

इथे इतके रंगीत मासे येतात कुठून? 'कुरोशिओ' म्हणजे काळा प्रवाह. दक्षिणेकडचं कोमट पाणी घेऊन तो जपानच्या किनाऱ्याजवळून वाहतो. उन्हाळ्यात त्याच्याबरोबर उष्ण समुद्रातल्या माशांची पिल्लं वाहत इझूपर्यंत येतात. शरद ऋतूत ती खडकांभोवती बागडताना दिसतात. पण हिवाळ्यात पाणी गार पडलं की बिचारी बहुतेक सगळी मरून जातात. त्यांच्यापाशी परतीचं तिकीट नसतं!

माणसांपाशी परतीचं तिकीट असतं. पण गंमत अशी, की या सहलीतला एक मोठा धोका त्या परतीच्या वाटेवरच दबा धरून बसलेला असतो. आणि तो पाण्यात नसतो, डोंगरावर असतो! चक्रावलात ना? मग ऐका.

पाणबुड्याच्या टाकीत बहुतेक वेळा नुसता प्राणवायू नसतो. असते ती आपलीच साधी हवा, दाबून भरलेली. तिच्यात जवळजवळ चार पंचमांश नायट्रोजन असतो. पाण्यात १० मीटर खाली गेलं, की अंगावरचा दाब दुप्पट होतो. या दाबामुळे जास्तीचा नायट्रोजन रक्तात आणि मांसात विरघळतो. वर येताना दाब कमी होतो, तसा तो हळूहळू श्वासावाटे बाहेर पडतो. म्हणूनच पाणबुडे सावकाश वर येतात आणि ५ मीटर खोलीवर तीनेक मिनिटं थांबतात.

घाई केली तर? सोड्याची बाटली आठवा. झाकण फटकन उघडलं की फस्सकन फेस! तसेच बुडबुडे शरीरात तयार होऊ शकतात. मग सांधे ठणकतात, मुंग्या येतात, चक्कर येते, कधी तर पायांतलं बळच जातं. अशा रोग्याला ताबडतोब प्राणवायू द्यावा लागतो आणि दाब वाढवता येणाऱ्या खास खोलीत ठेवावं लागतं.

आता ओसेझाकीहून टोकियोला मोटारीने निघालेल्या माणसाचा विचार करा. पाण्याबाहेर येऊन त्याला जेमतेम दोन-तीन तास झालेत. अजून थोडा नायट्रोजन शिल्लक आहे. आणि वाटेत आहे हाकोने घाट, उंची ८४६ मीटर! तिथे हवेचा दाब समुद्रकाठापेक्षा सुमारे दहा टक्क्यांनी कमी. म्हणजे बाटलीचं झाकण आणखी थोडं उघडलं! असा त्रास झालेले रोगी जपानी डॉक्टरांनी पाहिले आहेत. मग शहाणी माणसं काय करतात? कमी उंचीचा रस्ता धरतात, किंवा समुद्रकाठी मुक्काम करतात. नाहीतर सरळ आगगाडीने जातात. १९३४ साली खुला झालेला जवळजवळ ८ किलोमीटरचा तान्ना बोगदा डोंगर चढतच नाही, त्याच्या पोटातून जातो!

विमानाचा नियमही असाच. एका बुडीनंतर निदान १२ तास आणि अनेक बुड्यांनंतर १८ तास थांबायचं. जाणकार सांगतात, की सुमारे ६०० मीटरपेक्षा उंच जाणाऱ्या रस्त्यालाही हाच नियम लावावा.

'हे जपानचं झालं, आमचं काय?' असं म्हणू नका. आपल्या मालवण-तारकर्लीलाही स्कूबा डायव्हिंग चालतं. तिथून आंबोलीमार्गे बेळगाव-कोल्हापूरकडे निघालात, तर आंबोलीची उंची सुमारे ७०० मीटर! हौशी पर्यटकांची बुडी उथळ आणि थोडा वेळ असते, त्यामुळे धोका कमी. पण खोल किंवा दोन-तीन बुड्या मारल्या असतील, तर बाबांना सांगा, "आजची रात्र इथेच राहू." वर ताज्या माशांचं जेवण मिळेल ते वेगळंच!

आता तुमच्यासाठी काम. सोड्याच्या दोन सारख्या बाटल्या घ्या. एकीचं झाकण झटकन उघडा, दुसरीचं अगदी हळूहळू. काय फरक दिसतो? वहीत लिहून ठेवा. आणि हो, फेस पुसायला फडकं जवळ ठेवा, नाहीतर आईच्या हातचा दाब अनुभवाल!