काठी घ्यावी कीं न घ्यावी?

कळसूबाईच्या सहलीची सूचना लागली कीं घरोघरीं एक प्रश्न निघतो: गिर्यारोहणाच्या त्या घडीच्या काठ्या विकत घ्याव्या काय? गेल्या खेपेस एका मुलानें काठ्या नाहींत एवढ्याच कारणानें आपलें नांव दिलें नाहीं. तेव्हां या विषयाचा थोडा विचार करणें अवश्य वाटतें.

काठी निरुपयोगी आहे, असें माझें म्हणणें मुळींच नाहीं. उतरतांना शरीराचा भार गुडघ्यांवर आदळतो. काठ्या पुढें टेकल्या म्हणजे त्यांतील कांहीं भार बाहू उचलतात. १९९९ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका शास्त्रीय प्रयोगांत, तीव्र उतारावर काठ्यांमुळें गुडघ्यांवरील भार १२ ते २५ टक्के कमी झालेला आढळला. ज्यांचे गुडघे दुखतात अशा वडीलधाऱ्यांस हा मोठाच आधार होय. मात्र चढावर श्रम नाहींसे होत नाहींत. पायांचे थोडे हातांकडे जातात, इतकेंच.

शिवाय स्थळ पाहिलें पाहिजे. कळसूबाईची उंची १,६४६ मीटर. बारी गांवाकडील वाटेवर लोखंडी शिड्या आहेत. तेथें दोन्ही हात मोकळे हवेत. हातांतील काठी साहाय्य न करितां अडचणच करिते. तेव्हां ती पाठीवरच्या पिशवीस बांधावी. ओल्या कातळावर तर धातूचें टोंक घसरतें, म्हणून तिच्यावरच सर्व भार टाकूं नये.

आणि काठी दुकानांतलीच असावी, असा नियम कोठें आहे? आपल्या जिल्ह्यांतील मेंढपाळ साधी काठी घेऊन माळरानें तुडवितात. जमिनीवर टेकली असतां कोपर काटकोनांत राहील, एवढ्या उंचीवर धरतां येणारा मजबूत बांबू पुरेसा आहे.

प्रभूनें बारा शिष्यांस पाठविलें, त्या प्रसंगीं मार्काच्या शुभवर्तमानांत काठी घेण्याची मोकळीक आहे; मत्तय व लूक यांच्या वृत्तांतांत तीहि नाहीं. पंडित या भेदाचा उलगडा नाना परींनीं करितात. परंतु काठी असो वा नसो, प्रभूनें शिष्यांस पाठविलें, हें तिन्ही ठिकाणीं सारखेंच.

म्हणून पालकांस विनंती कीं, ऐपत नसतां या काठ्यांसाठीं कर्ज काढूं नका, आणि त्यांवांचून मुलास घरींहि ठेवूं नका. विद्यार्थिमित्रहो, सोबत्याच्या हातीं बांबू दिसला तर हंसूं नका. जो मुलगा गेल्या खेपेस आला नाहीं, त्याला काठीची उणीव नव्हती. आपल्या हंसण्याचें भय होतें.