गाडी डावीकडे, गडबड उजवीकडे!

सोमवार ते शुक्रवार डॉकयार्ड रोडहून लोकल. वीकेंडला फ्रीवेने थेट लोणावळा, नाहीतर भाऊच्या धक्क्यावरून, 2020 साली सुरू झालेल्या रो-रोने गाडीसकट मांडवा. माझगावातल्या बऱ्याच नोकरदारांच्या गाडीचं टाइमटेबल साधारण असंच असतं. पाच दिवस बिचारी बिल्डिंगखाली उभी. त्यात बंदर हाकेच्या अंतरावर, म्हणजे खारी हवा फुकट! मग एका शनिवारी ब्रेक दाबला की स्टिअरिंग हातातून हळूच डावीकडे सरकतं. आपण काय करतो? म्युझिकचा आवाज वाढवतो आणि स्टिअरिंग थोडं उजवीकडे धरून ठेवतो.

बॉस, हे ‘अ‍ॅडजस्ट’ करायचं प्रकरण नाही.

आधी एक प्रश्न

ब्रेक न दाबताही गाडी ओढते का? उत्तर ‘हो’ असेल तर टायरमधली हवा, टायरची झीज किंवा व्हील अलाइनमेंट बघा. आपले रस्ते पाणी वाहून जावं म्हणून कडेला उतरते असतात, त्यामुळे गाडी किंचित डावीकडे कलणं नॉर्मल आहे. पण फक्त ब्रेक दाबल्यावरच ओढत असेल, तर केवळ अलाइनमेंटचं बिल भरून सहसा काही होत नाही. गडबड बहुधा पुढच्या ब्रेकमध्ये असते, कारण गाडी थांबवण्याचं जास्त काम पुढची चाकंच करतात.

आता खरी गंमत. गाडी डावीकडे ओढते, म्हणजे डावा ब्रेक खराब, असं आपल्याला वाटतं. बऱ्याचदा उलटं असतं! डावं चाक इमानदारीत थांबत असतं आणि उजवं कामचुकारपणा करत असतं. ऑफिसातल्यासारखंच: काम करणाऱ्याकडे सगळं ओढलं जातं.

संडे मॉर्निंग टेस्ट

सकाळी लवकर बॅलार्ड इस्टेट गाठा. रस्ते सपाट, रुंद आणि रविवारी रिकामे. निघण्यापूर्वी, टायर थंड असताना, दोन्ही पुढच्या टायरांतली हवा सारखी करून घ्या. आकडा बहुधा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर असतो. मागे-पुढे कोणी नाही ना बघा, ताशी 30-40 किलोमीटरने जा आणि स्टिअरिंग हलकेच धरून सावकाश ब्रेक दाबा. फ्रीवेवर हा प्रयोग नको.

पहिल्या दोन-तीन ब्रेकनंतर ओढणं थांबलं, तर डिस्कवर पाणी किंवा उभ्या गाडीवर चढलेला वरवरचा गंज असेल. पावसाळ्यात हे चालायचंच. पण दर वेळी ओढत असेल, तर जरा फिरून थांबा आणि चाकांजवळ हात न्या. लावू नका, डिस्क भाजून काढते! एक चाक थंड असेल तर ते काम करत नाहीये. एक चाक फारच तापलं असेल, जळका वास येत असेल, तर तिथला ब्रेक सुटतच नाहीये. अशा वेळी गाडी त्याच बाजूला ओढते, कधी कधी ब्रेक न दाबताही.

ब्रेक दाबताना एका बाजूला आणि सोडल्यावर दुसऱ्या बाजूला ओढत असेल, तर ब्रेकचा रबरी होज पाइप आतून फुगलेला असू शकतो. ऑइल उशिरा पोचतं आणि उशिरा परततं. ब्रेक दाबताच खालून ‘खट्’ आवाज येऊन स्टिअरिंग सरकलं, तर लोअर आर्मचा बुश चेक करा.

गॅरेजमध्ये काय बोलायचं?

‘चाचा, ब्रेक ओढतोय, बघून घ्या’ एवढ्यावर चावी देऊन चहाला जाऊ नका. दोन्ही पुढची चाकं उघडायला सांगा आणि चारही पॅड शेजारी-शेजारी ठेवून बघा. एकाच चाकातला आतला पॅड संपलाय आणि बाहेरचा जाडजूड आहे? मग कॅलिपरच्या पिना जाम झाल्यात, असा दाट संशय घ्या. आमच्या खाऱ्या हवेत हे नवल नाही. पिना साफ करून योग्य ग्रीस लावलं तर कधी कधी तेवढ्यात भागतं. पिस्टनच अडकला असेल तर मात्र कॅलिपरचं काम निघतं. पॅडवर ऑइल किंवा ग्रीस सांडलं असेल तर पुसून चालत नाही, पॅड बदलावाच लागतो. तोही जोडीने, दोन्ही चाकांचा. ‘एकच बाजू बदला, स्वस्तात होईल’ या ऑफरला नम्र नकार द्या, नाहीतर ओढणं नव्याने सुरू!

‘माझ्या गाडीला एबीएस आहे’ म्हणून निवांत असाल, तर थांबा. 1 एप्रिल 2019 पासून नव्या कार्सना एबीएस सक्तीचं झालं. ते चाक लॉक होऊ देत नाही, पण जाम झालेली पिन सोडवत नाही. डॅशबोर्डवर दिवा लागला नाही म्हणजे ब्रेक ठणठणीत, असंही नाही.

एक पुढचं चाक काम करत नसेल, तर गाडी नुसती वाकडी जात नाही, थांबतेही उशिरा. फ्रीवेवर बाइकला बंदी आहे. पण ऑरेंज गेटला उतरून पी. डी’मेलो रोडला लागलात की शेजारी बाइकवाला आणि मागे ट्रक असतो. तिथे ओल्या रस्त्यावर कचकन ब्रेक मारावा लागला, तर ते दोन फूट सरकणं कोणाच्या तरी अंगावर जाईल. ओढणं जोरात असेल, पेडल खोल जात असेल किंवा ब्रेक ऑइल कमी झालं असेल, तर गाडी चालवत नेऊच नका. मेकॅनिकला घरी बोलवा, नाहीतर टो करा.

लोणावळा पुढच्या शनिवारीही तिथेच असेल. हॅपी ब्रेकिंग!