शर्यत घोड्याची, हिशेब मालकाचा

सर्वोच्च न्यायालयाने १८ मे २०२३ रोजी महाराष्ट्राचा बैलगाडा शर्यतींचा कायदा वैध ठरवला आणि वऱ्हाडातल्या शंकरपटावरची, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतींवरची, टांगती तलवार गेली. आता आसेगावसारख्या गावात पटाचा विषय निघाला की जोडीचा वेग आणि जोडीची किंमत एका दमात सांगितली जाते. जितका पैसा मोठा तितके जनावर मोठे आणि मालकही मोठा, हे समीकरण मात्र खोटे आहे. ते तपासायला मराठी राजघराण्याच्या एका अव्वल घोड्याचे उदाहरण पुरेसे आहे. बडोद्याचे महाराज प्रतापसिंहराव गायकवाड यांनी १९४५ साली इंग्लंडच्या लिलावात एक वर्षाचे शिंगरू २८ हजार गिनींना घेतले. तो त्या काळचा विक्रम होता. तेव्हाच्या दराने सुमारे चार लाख रुपये. शिंगराचे नाव त्यांनी ठेवले सयाजीराव, तेच त्यांच्या आजोबांचेही नाव.

ही किंमत शिंगराच्या पायांची नव्हती, सख्ख्या भावाच्या कीर्तीची होती. नीअर्को आणि रोझी लेजंड यांचाच बच्चा असलेल्या दान्तेने त्याच वर्षी इंग्लंडची डर्बी शर्यत जिंकली होती. पण कीर्ती विकत घेता आली तरी विजय विकत मिळाला नाही. १९४७ मध्ये सयाजीराव टू थाउजंड गिनीज या शर्यतीत तिसरा आला आणि डर्बीतही तिसराच. तो लांब पल्ल्याचा घोडा होता. प्रशिक्षक आर्मस्ट्राँग आणि जॉकी एडगर ब्रिट यांच्या हाताखाली त्याने पुढे आयरिश डर्बी जिंकली आणि सप्टेंबरमध्ये जवळपास तीन किलोमीटरची इंग्लंडमधली सेंट लेजर शर्यत केवळ मुंडीभर अंतराने मारली. १९६६ मध्ये तो गेला, तोवर त्याची मुलगी ग्लॅडनेस अ‍ॅस्कॉट गोल्ड कपची आणि मुलगा इंडियाना सेंट लेजरचा मानकरी झाला होता. हे सारे रक्त, मेहनत आणि संयम यांचे श्रेय आहे.

यावर कुणी म्हणेल की देश स्वतंत्र होऊन महिना होत असताना इंग्रजांच्या मैदानावर मराठी नाव जिंकले, मग खर्च कशाला उकरायचा? तो अभिमान खरा आहे आणि घोड्याला तो पूर्ण द्यावा. पण ज्यांचे नाव त्या घोड्याला होते, त्या तिसऱ्या सयाजीरावांनी १९०६ साली संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले आणि गावोगावी वाचनालये उभी केली. नातू प्रतापसिंहरावांनी मात्र संस्थानच्या तिजोरीतून उचललेल्या रकमांवरून मोठा वाद ओढवून घेतला. १९४९ मध्ये संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि १९५१ मध्ये त्यांची महाराज म्हणून असलेली मान्यताही काढून घेण्यात आली. घोड्याच्या विजयाने हा हिशेब पुसला जात नाही. दुसरा आक्षेप असा, की राजाचा खर्च आणि शेतकऱ्याच्या घामाचा पैसा एका मापाने कसे मोजायचे? तसे मोजूच नये. शेतकरी स्वतःचे पैसे घालतो, म्हणून त्याला दोष देण्याचे कारण नाही. पण म्हणूनच किमतीच्या चढाओढीत त्याला ढकलणे अधिक घातक आहे, कारण त्याच्यामागे तिजोरी नसते, कर्ज असते.

तेव्हा पटाच्या मंचावरून जोडीची किंमत पुकारणे आयोजकांनी थांबवावे. त्याऐवजी बैल कुणी वाढवला, जोडी हाकणारा धुरकरी कोण, जनावरांच्या डॉक्टरांनी तपासले का आणि धाव थांबल्यावर त्याला कोण सांभाळणार, हे सांगावे. बक्षिसातला एक वाटा या सांभाळाला द्यावा. जनावराचा मान त्याच्या कर्तृत्वाने आणि मालकाचा मान त्याच्या जबाबदारीने ठरावा.