घर मिळते, गाव मिळेल काय?

नेदरलँड्ससारख्या चिमुकल्या आणि गजबजलेल्या देशात शांतता ही दुर्मिळ वस्तू झाली असल्यास नवल नाही. सुमारे एक कोटी ऐंशी लाख लोकवस्तीच्या या देशात दर चौरस किलोमीटर जमिनीवर पाचशेहून अधिक माणसे राहतात. २०२० मधील कोरोनाच्या साथीने कार्यालये घरात आणली. काम घरी बसूनच करावयाचे, तर अ‍ॅमस्टरडॅम किंवा उट्रेख्टमधील अडचणीच्या सदनिकेत ते का करावे, असा प्रश्न शहरी मध्यमवर्गाला पडला. उत्तरेकडील फ्रीसलँड, ड्रेंथ व ग्रोनिंगेन, पूर्वेकडील आख्टरहुक आणि नैर्ऋत्येचा झीलंड या भागांतील खेड्यांकडे तेव्हापासून त्याची नजर अधिकच वळली. चर्चचा मनोरा, कालव्याकाठच्या विलोच्या रांगा आणि कुरणात संथपणे चरणाऱ्या गायी हे चित्र मोहक आहे, यात शंका नाही. परंतु असे घर विकत घेणारा नेमके काय विकत घेतो आणि त्याचे मोल कोणाला द्यावे लागते, याचा विचार या मोहात मागे पडतो.

घर घेण्याची डच पद्धत बाहेरून पाहणाऱ्याला हेवा वाटावा इतकी सुबक आहे. करारावर सही झाल्यानंतरही ग्राहकाला तीन दिवस फेरविचाराची मुभा असते. हस्तांतर नोटरीसमोर होते आणि त्याची नोंद १८३२ पासून चालत आलेल्या भूमापन दप्तरात केली जाते. बँक घराच्या पूर्ण किमतीइतके कर्ज देऊ शकते. त्यावरील व्याज तीस वर्षांपर्यंत करपात्र उत्पन्नातून वजा होते. स्वतः राहण्यासाठी घर घेणाऱ्यास हस्तांतर कर फक्त दोन टक्के पडतो, आणि पस्तिशीच्या आतील व्यक्तीला, घराची किंमत ठरावीक मर्यादेत असल्यास, तोही एकदा माफ असतो. सरकारने नागरिकाला घरमालक करण्याचा जणू विडाच उचलला आहे, असे वाटावे अशी ही व्यवस्था आहे.

प्रत्यक्षात मात्र तिचे फळ उलटे आले आहे. घरांचा पुरवठा अपुरा असताना कर्ज आणि करसवलत यांची खैरात केली, म्हणजे ती ग्राहकाच्या खिशात राहत नाही. विक्रेत्याच्या किमतीत जाऊन मिसळते. २०२४ मध्ये त्या देशात विकल्या गेलेल्या जुन्या घरांची सरासरी किंमत साडेचार लाख युरोंच्या घरात गेली होती, आणि घरांची तूट सुमारे चार लाख असल्याचा अंदाज त्याच वर्षी मांडला गेला. नवी घरे बांधावीत, तर तेथेही अडथळे आहेत. नायट्रोजन प्रदूषणासंबंधीची सरकारी परवाना-योजना तेथील सर्वोच्च प्रशासकीय न्यायपीठाने २९ मे २०१९ रोजी रद्द ठरविली, आणि निसर्गरक्षित क्षेत्रांच्या आसपासची अनेक बांधकामे अडकून पडली. खेड्यांचा मोठा भाग अशाच क्षेत्रांच्या शेजारी वसलेला आहे.

परिणामी खेड्यातील लिलावात दोन असमान स्पर्धक उतरतात. एकाने शहरातील सदनिका विकून भरघोस नफा गाठीला बांधलेला असतो. दुसरा त्याच गावच्या दूधवाल्या शेतकऱ्याचा, सुताराचा किंवा शाळामास्तराचा मुलगा असतो. त्याच्याजवळ विकण्यासाठी काही नाही आणि केवळ पगाराच्या बळावर त्याला बोली लावायची आहे. मागितलेल्या किमतीपेक्षा जास्त बोली लावण्याची प्रथा आता तेथे रुळली आहे. तेव्हा या स्पर्धेचा निकाल सांगावयास ज्योतिषी नको. तरुण जोडपे जवळच्या शहरात भाड्याच्या खोल्या पाहते आणि गावातील घर शांततेच्या शोधात आलेल्या प्रौढ दांपत्याला मिळते. त्यात त्या दांपत्याचा गुन्हा नाही. पण गाव आणखी थोडे शांत होते, हे मात्र खरे.

शांतता दोन प्रकारची असते, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. एक नांदत्या घराची असते, दुसरी ओसाड वाड्याची. ईशान्य ग्रोनिंगेन, झीलंडमधील दक्षिणेचा पट्टा आणि लिंबुर्खच्या जुन्या कोळसा खाणींचा परिसर यांची गणना लोकसंख्या घटणाऱ्या प्रदेशांत होऊ लागली, त्याला पंधरा वर्षांहून अधिक काळ लोटला. प्राथमिक शाळेत तेवीसपेक्षा कमी मुले उरली की तिचे अस्तित्वच धोक्यात येते. शाळा गेली की तरुण कुटुंबे जातात. मग दुकान जाते आणि बसही जाते. समुद्रकिनाऱ्यालगतच्या खेड्यांत तर सुट्टीपुरती उघडणारी घरे वाढली. हिवाळ्याच्या संध्याकाळी रस्त्यावरील निम्म्या खिडक्या काळोख्या असाव्यात, ही शांतता कोणाला हवी असेल?

खरे पाहता डच खेड्याची शांतता हे निसर्गाचे देणे नाही. ती माणसांच्या सामुदायिक श्रमाने निर्माण झाली आहे. देशाचा सुमारे चतुर्थांश भाग समुद्रसपाटीच्या खाली आहे. त्याचे पाणी उपसणारी आणि बांध राखणारी जलमंडळे तेराव्या शतकापासून काम करीत आली असून, आज अशी एकवीस मंडळे आहेत. त्यांच्या निवडणुका होतात आणि प्रत्येक घराला त्यांचा कर द्यावा लागतो. १९५३ च्या महापुरात त्या देशातील १,८३६ माणसे दगावली. कालव्याच्या निवांत पाण्यामागे केवढी जागरूकता उभी आहे, हे त्या रात्रीने शिकविले. पूर्वेकडील ट्वेंटे, आख्टरहुक आणि ड्रेंथ या भागांत ‘नोबरस्खाप’ नावाचा शेजारधर्म पिढ्यान् पिढ्या पाळला गेला. जन्म, विवाह आणि मृत्यू या तिन्ही प्रसंगी शेजाऱ्यांची कामे ठरलेली असत. मृत्यूची वार्ता घरोघर पोहोचविण्यापासून खांदा देण्यापर्यंत सारे शेजारीच करीत. १९७७ पासून तेथे ‘शेजार-बस’ धावते. तोट्यात चालणारी बस बंद पडते, तेथे आठ प्रवाशांची छोटी गाडी गावातील स्वयंसेवक पाळीपाळीने चालवितात. गावचे सभागृहही असेच चालते. विक्रीच्या जाहिरातीत यांपैकी कशाचीही नोंद नसते, कारण दलालाला ते विकता येत नाही.

घराखालची भूमीही वाटते तितकी शांत नाही. पश्चिमेच्या व उत्तरेच्या पीटच्या जमिनीतील पाणी शेतीसाठी उपसले गेल्याने ती हळूहळू खचत आहे. भूजल खाली गेले की जुन्या घरांना आधार देणारे लाकडी खांब कुजू लागतात. ग्रोनिंगेनमध्ये तर शासनानेच जमीन हलविली. १९५९ मध्ये सापडलेल्या प्रचंड वायुसाठ्याने देशाची तिजोरी भरली. पण वायू काढल्याने भूकंप होऊ लागले आणि ऑगस्ट २०१२ मध्ये हाउझिंगे येथे ३.६ प्रतीचा धक्का बसला. हजारो घरांना तडे गेले, त्यांचे मोल घसरले आणि रहिवाशांची वर्षे नुकसानभरपाईच्या अर्जांत गेली. ग्रोनिंगेनच्या लोकांच्या हितापेक्षा वायूला अधिक महत्त्व दिले गेले, असा ठपका संसदीय चौकशी समितीने फेब्रुवारी २०२३ मध्ये ठेवला. त्याच वर्षी १ ऑक्टोबरला उत्खनन थांबले. खेडे म्हणजे राजधानीला हवे ते पुरविणारे कोठार, ही दृष्टी त्यामागे होती. पूर्वी वायू नेला, आता शांतता न्यावयाची, एवढाच फरक होणार असेल तर खेड्याच्या पदरी काय पडले?

डच सरकारला या प्रश्नाची जाणीव नाही असे नाही. १ जानेवारी २०२२ पासून नगरपालिकांना ठरावीक घरांपुरता असा नियम करता येतो की, विकत घेतलेले घर पहिली चार वर्षे भाड्याने देता येणार नाही. सट्टेबाजाला आळा घालणारा हा नियम रास्त आहे. २०२४ पासून घरवाटपात स्थानिकांना प्राधान्य देण्याचे अधिकारही वाढविले गेले. या दुसऱ्या उपायामागील भावना समजण्याजोगी असली, तरी त्याचा अतिरेक घातक ठरेल. ज्या गावाची शाळा मुलांवाचून बंद पडण्याच्या बेतात आहे, त्याला बाहेरून येणारे तरुण कुटुंब हवेच आहे. गावात जन्मलेला आणि तेथील घराला टाळे लावून शहरात राहणारा मालक गावाच्या उपयोगाचा नाही. उलट कालपरवा आलेला, परंतु बसची पाळी घेणारा आणि मुलांना गावच्या शाळेत घालणारा माणूस गावाचाच आहे. तेव्हा कसोटी जन्माची नसावी, वास्तव्याची असावी. वास्तव्याची सक्ती कडक करावी, व्याजावरील करसवलत टप्प्याटप्प्याने आटोपती घ्यावी आणि त्यातून वाचणारा पैसा खेड्यांतील माफक किमतीच्या घरांकडे वळवावा, हेच शहाणपणाचे होईल.

हा विषय मराठी वाचकाला अगदीच परका नाही. आइंडहोव्हन आणि अ‍ॅमस्टेलव्हेनच्या परिसरात नोकरीनिमित्त स्थिरावलेल्या भारतीयांत मराठी अभियंतेही आहेत. शहरातील भावांना कंटाळून आसपासच्या गावांत घर शोधणाऱ्याने पायाची तपासणी जरूर करावी, कर्जाचा हिशेबही मांडावा. पण त्याबरोबर डच भाषा शिकावी आणि शेजाऱ्याचे दार ठोठवावे. शेजारधर्म हा शब्द त्याला नवा नाही. घराचा दस्तऐवज नोटरी एका सकाळी हाती देतो. गावाची नोंद मात्र शेजारीच करतात, आणि ती होण्यास काही हिवाळे जावे लागतात.