हरवलेला ठोका

आमच्या धान्याच्या पेढीवर एक जुनी पेट्रोल जीप आहे. वडिलांच्या काळी घेतलेली. डोंगरपट्ट्यातील ज्या वाड्यावस्त्यांवर पावसाळ्यात ट्रक पोहोचत नाही, तेथे आजही तीच जाते. ती चालविणाऱ्यांना घरातील लहानथोर सारेच ‘मामा’ म्हणतात. गेल्या श्रावणात या जीपमुळे पेढीवर जो प्रसंग ओढवला, तो वाचकांपुढे ठेवावासा वाटतो.

सकाळी गाडी सुरू केली की इंजिन अडखळे. चढावर जोर गळे, सायलेन्सरमधून मधूनच ‘फट्’ असा आवाज येई आणि मागे कच्च्या पेट्रोलचा वास दरवळे. मामा गाडी गॅरेजमध्ये नेत, तोवर इंजिन तापून सुरळीत चालू लागलेले असे. मिस्त्रींनी प्लग बदलले, कार्बोरेटर साफ केला. शेवटी “इंजिन उघडावे लागेल” असे सांगून मोठ्या खर्चाचा आकडा दिला. इकडे पेट्रोलची बिलेही वाढली होती. ती चाळताना थोरले बंधू चार माणसांदेखत बोलून गेले, “मामा, एवढे पेट्रोल जाते कुठे? आणि टाकीत जाते ते तरी शुद्ध असते ना?”

मामांनी उत्तर दिले नाही. किल्ली गादीवर ठेवली आणि ते घरी निघून गेले.

दोन दिवसांनी आम्ही एका वयोवृद्ध, निवृत्त कारागिरांकडे गेलो. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “ठोका चुकतो तो नेमका केव्हा?” याचे उत्तर आम्हा भावांपैकी कोणाजवळही नव्हते. मामांनाच बोलवावे लागले. ते आले आणि उभ्यानेच म्हणाले, “रात्री पाऊस पडला की सकाळी. ऊन तापले की नाही.” कारागीर हसले. “मग गाडी माझ्याकडे आणू नका. उद्या पहाटे मीच येतो.”

पहाटे इंजिन सुरू झाले, अडखळूच लागले. त्यांनी रबरी मुठीच्या पकडीने प्रत्येक प्लगची वायर क्षणभर काढून पाहिली. पहिली काढताच इंजिन आणखी मंदावले. दुसरी व चौथी काढतानाही तसेच झाले. तिसरी काढली, तर काहीच फरक पडला नाही. म्हणजे तिसरा सिलिंडर मुळात कामच करीत नव्हता. “पेट्रोल चौघांनाही एकाच टाकीतून, एकाच कार्बोरेटरमधून मिळते,” ते म्हणाले. “ते भेसळीचे असते, तर एकटा तिसराच कसा रुसला असता?”

बंधूंनी मान खाली घातली.

मग इंजिन बंद करून तिसऱ्याचा प्लग दुसऱ्यात व दुसऱ्याचा तिसऱ्यात बसविला. दोष तिसऱ्यातच राहिला. प्लग निर्दोष ठरला. तशीच वायरींची अदलाबदल केली, वायरही निर्दोष ठरली. नंतर दाब मोजला. चारही सिलिंडरांचे आकडे जवळजवळ सारखे आले, म्हणजे व्हॉल्व्ह व रिंगाही धडधाकट. इंजिन उघडण्याचा खर्च तेथेच वाचला.

उरले डिस्ट्रिब्युटरचे झाकण. मंद गतीत इंजिन मिनिटाला ७५० फेरे घेत असेल, तर चार सिलिंडरांसाठी मिनिटाला १५०० ठिणग्या लागतात. बॅटरीच्या १२ व्होल्टपासून कॉइल हजारो व्होल्टचा दाब उत्पन्न करते आणि या झाकणातून तो १-३-४-२ या क्रमाने वाटला जातो. झाकण उघडून बॅटरीच्या उजेडात पाहिले, तेव्हा आत केसाएवढी काळी रेघ दिसली. तिसऱ्या टोकापासून ती थेट कडेच्या लोखंडापर्यंत गेली होती. दमट हवेत वीज प्लगाकडे न जाता या सोप्या वाटेने निसटत होती. इंजिन तापले की ओल सुके आणि वाट बंद होई. तिसऱ्यातील न जळलेले पेट्रोल मात्र तसेच सायलेन्सरमधून बाहेर पडे. बिले वाढण्याचे कारण हेच होते.

थोड्या पैशांत नवे झाकण आले. दुसऱ्या दिवशी पाऊस असूनही जीप पहिल्याच फिरकीत सुरू झाली.

वाचकहो, ज्यांच्याकडे अशी जुनी गाडी आहे, त्यांनी पावसाळ्यापूर्वी हे झाकण काढून आतून कोरडे पुसावे व रेघ आहे का ते पाहावे. वायर काढून पाहण्याचा प्रयोग जाणत्या हातांनीच करावा. नव्या इलेक्ट्रॉनिक इग्निशनच्या गाड्यांत तर तो करूच नये. आणि एक सुटा भाग बदलून दोष तेथून हलतो का, हे पाहिल्यावाचून मोठा खर्च मान्य करू नये.

त्या सायंकाळी थोरले बंधू किल्ली घेऊन मामांच्या घरी गेले. ज्या चार माणसांदेखत शब्द गेला होता, त्यांनाही त्यांनी बरोबर नेले. “चूक माझी झाली, मामा. विचारायच्या आधीच मी ठरवून बसलो,” एवढेच ते म्हणाले. मामांनी किल्ली घेतली, चहा मागविला आणि उद्या कोणत्या वाडीवर जायचे आहे, ते विचारले.