कोणाच्या घड्याळाचे दहा?

नगर–औरंगाबाद रस्त्यावरचे आमचे घोडेगाव जनावरांच्या बाजारासाठी आणि कांद्याच्या लिलावासाठी ओळखले जाते. बाजाराच्या गावात वेळ कोणाला शिकवावी लागत नाही. लिलाव सुरू झाल्यावर आलेल्याला कोणी थांबत नाही, हे लहान पोरालाही माहीत असते. पण आता व्यवहार गावापुरता राहिलेला नाही. आपल्या भागातला कांदा आखाती देशांत, मलेशियात, बांगलादेशात जातो. आम्ही कापडवालेही दुबईच्या बाजारात आणि चीनमधल्या ग्वांगझोच्या मेळ्यात माल पाहायला जाऊ लागलो आहोत. भेटीच्या वेळा वहीऐवजी मोबाईलच्या कॅलेंडरमध्ये लिहिल्या जातात. आणि परतलेल्या व्यापाऱ्यांकडून एक तक्रार हमखास ऐकू येते: "फोनने आपल्या मनाने वेळ बदलली."

आमचे मत असे की फोनने काही बदललेले नसते. वेळ ठरवताना एक प्रश्न विचारायचा राहून गेलेला असतो: दहा वाजता, पण कोणाच्या घड्याळाचे दहा?

हा प्रश्न आपल्याला सुचत नाही, कारण तशी सवय नाही. सुरत, मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी, कोलकाता, कुठेही जा, घड्याळ एकच. आपल्या वडीलधाऱ्यांना मात्र ही सवय होती. 1906 साली देशासाठी एक प्रमाणवेळ ठरली, तरी मुंबईने आपली जुनी वेळ 1955 पर्यंत पूर्णपणे सोडली नव्हती. मुंबईचे घड्याळ प्रमाणवेळेच्या 39 मिनिटे मागे असे. त्या काळी मुंबईत भेट ठरवायची तर वेळ मुंबईची की स्टँडर्ड, हे आधी स्पष्ट करावे लागे. तेव्हा मोबाईल नव्हता, पण विचारण्याची पद्धत होती.

आता फोनचा हिशेब पाहू. दुबई आपल्या दीड तास मागे आहे. घोडेगावात बसून आपण दुबईची सकाळी 10 ची भेट नुसती "10" म्हणून लिहिली, तर फोन ती भारताचे 10 समजतो. दुबईत उतरल्यावर फोन तिथली वेळ धरतो आणि तीच भेट साडेआठला दाखवतो. आपण बंद दुकानापुढे उभे! चीन आपल्या अडीच तास पुढे. तिथली 10 ची भेट अशीच लिहिली, तर ग्वांगझोत फोन साडेबारा दाखवील आणि समोरचा व्यापारी केव्हाच दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळलेला असेल. पश्चिमेकडे ही चूक पाय दुखवते, पूर्वेकडे सौदा घालवते.

खरे तर ही गोष्ट मुसलमानाला अवघड वाटू नये. मुसाफिर दुबईत गेला तर जोहर तिथल्या सूर्याप्रमाणे पढतो, घोडेगावच्या मशिदीतल्या वेळापत्रकाप्रमाणे नाही. नमाजची वेळ जागेची असते. भेटीची वेळही जिथे भेट व्हायची त्या जागेची असते. एवढे ध्यानात ठेवले की पुढचे सोपे आहे.

पहिली गोष्ट, वेळ ठरवताना शहराचे नाव घ्यावे: "दुबईचे 10". दुसरी, कॅलेंडरमध्ये भेट लिहिताना टाइम झोनची जागा असते, तिथे त्या शहराचा झोन निवडावा आणि मग 10 लिहावे. वजाबाकी फोन करील; आपण मनाने पुन्हा करू नये, नाहीतर हिशेब दोनदा होतो. तिसरी, परदेशात फोनचे घड्याळ हाताने मागेपुढे करू नये. झोन तोच ठेवून नुसते काटे फिरवले की सगळ्या भेटी बिघडतात. चौथी, विमानाच्या तिकिटावर निघण्याची वेळ निघण्याच्या शहराची आणि पोहोचण्याची वेळ पोहोचण्याच्या शहराची असते. पाचवी, महत्त्वाच्या भेटी कागदावरही असाव्यात.

घरी बसून फोनवर सौदा करणाऱ्यांनीही सावध असावे. शुक्रवारी आपली जुम्याची नमाज आटोपून सव्वादोनला आपण फोन हाती घेतो, तेव्हा दुबईत पाऊण वाजलेला असतो आणि तिथला माणूस जुम्याच्या गडबडीत असतो. लंडनचे घड्याळ तर मार्चच्या शेवटच्या रविवारी एक तास पुढे आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी एक तास मागे जाते. हिवाळ्यात तिथले 11 म्हणजे आपले दुपारचे साडेचार, उन्हाळ्यात साडेतीन. दर आठवड्याचे बोलणे लंडनच्या वेळेने ठरले असेल तर ते लंडनच्याच झोनमध्ये लिहावे, म्हणजे बदल फोन सांभाळतो.

"हे सगळे मुलगा करून देतो," असे पुष्कळ जण म्हणतात. मुलाने करून द्यावे, त्यात वावगे नाही. पण परक्या मुलुखात मुलगा सोबत नसतो आणि शब्द आपण दिलेला असतो. दिलेली वेळ हाही वादाच आहे. लहान व्यापाऱ्याजवळ मोठे भांडवल नसते, पत असते. वेळेवर न पोहोचलेल्या माणसाचे कारण समोरचा क्वचितच ऐकतो. म्हणून पुढच्या सफरीआधी दहा मिनिटे काढून हे स्वतः शिकून घ्यावे. इन्शाअल्लाह, फायदाच होईल.