ज्यूट बॅगचा धंदा जरूर करा, पण ताग शोधायला शेतात जाऊ नका



ज्यूट बॅगचा विषय काढला की एक प्रश्न हमखास येतो. "सर, आमच्याकडं ऊस लावायच्या आधी ताग करतात की! मग कच्चा माल गावातच मिळंल ना?"

नाही मिळणार. करवीर, शिरोळ, हातकणंगल्याच्या रानात आपण जो ताग पेरतो, तो हिरवळीच्या खताचा. फुलावर आला की नांगरून गाडायचा, पुढच्या उसाला नत्र मिळतं. त्याचाही वाख निघतो, दोर वळता येतो. पण बॅगचं कापड ज्या ज्यूटचं बनतं, ते पीकच वेगळं. दोघांनाही मराठीत ताग म्हणतात, म्हणून हा घोळ.

खरं ज्यूट पिकतं पश्चिम बंगाल, बिहार आणि आसाममध्ये. त्यातही सगळ्यात मोठा वाटा बंगालचा. मुर्शिदाबाद, नदिया, कूचबिहार हे तिकडचे मोठे जिल्हे. बिहारमध्ये पूर्णिया, कटिहार. शेजारी बांगलादेश आहेच. नदीचा गाळ, दमट हवा, मार्च ते मेमध्ये पेरणी, साधारण चार महिन्यांत कापणी. मग पेंढ्या दोन-तीन आठवडे साचलेल्या पाण्यात कुजवायच्या, तेव्हा धागा सुटतो. हे आपल्याकडं करायचं म्हणजे उसाची जमीन अडवायची आणि पंचगंगेच्या काठाला आणखी एक घाण वाढवायची. आणि धागा निघाला तरी पुढं काय? तो घेणाऱ्या गिरण्या मुख्यतः कोलकात्याजवळ हुगळीकाठी आहेत. तिथली पहिली गिरणी १८५५ मध्ये रिश्र्याला सुरू झाली.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: कोल्हापूरकरानं ज्यूट पिकवू नये, विणू नये. तयार कापड आणावं, शिवावं आणि विकावं. आपली ताकद गिऱ्हाईक जवळ असण्यात आहे.

मग ज्यूट कुठं पिकतं हे कशाला शिकायचं? कारण तुमचा नफा तिथल्या पावसावर हलतो. हिशोब बघा. आकडे समजण्यापुरते धरलेत.

एका बॅगेला कापड ४८ रुपये, हँडल-चेन-दोरा १२, शिलाई १५, प्रिंट ६, ट्रान्सपोर्ट आणि वाया जाणारं कापड ९. एकूण ९०. विक्री ११०, नफा २०. आता बंगालमध्ये पीक बिघडलं आणि कापड १५ टक्के महागलं. खर्च ९७ च्या वर जातो, नफा १३ सुद्धा उरत नाही. कापड वाढलं १५ टक्के, तुमचा नफा घटला एक तृतीयांशाहून जास्त! आणि लग्नाची ५०० बॅगांची ऑर्डर तुम्ही दोन महिने आधी जुन्या भावात घेऊन बसलेला असता.

म्हणून तीन गोष्टी पाळा.

१. कोटेशनवर "भाव १५ दिवसांसाठी" असं लिहाच. मोठ्या ऑर्डरला निम्मा ॲडव्हान्स घ्या आणि त्याच दिवशी कापड बुक करा.

२. नवं पीक साधारण जुलैपासून बाजारात येतं. त्या काळात दोन-तीन व्यापाऱ्यांकडून भाव घेत राहा.

३. फक्त ज्यूटवर बसू नका. इचलकरंजीचं सुती कापड तासाभराच्या अंतरावर आहे. ज्यूट महागलं की गिऱ्हाइकाला कॅनव्हास दाखवता आला पाहिजे.

गिऱ्हाईक कोण? २०१८ पासून राज्यात प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आहे, पण फुकट पिशवी मागणाऱ्याला तुमची १०० रुपयांची बॅग परवडणार नाही. तो नाद सोडा. कोल्हापुरी चप्पल आणि गूळ भेट म्हणून नेणारा पर्यटक, लग्नातला आहेर, बँकेची किंवा पतसंस्थेची वार्षिक सभा, ही आपली गिऱ्हाइकं.

शेवटचं. "मशीन घ्या, माल आम्हीच परत घेतो" असं कोणी म्हणालं, तर ते करारावर लिहून मागा. माल कोणत्या भावात, किती दिवसांत आणि कोणत्या कारणानं नाकारणार, हे त्यात नसेल तर कर्ज काढू नका. आधी शेजारच्या टेलरकडून २० बॅगा शिवून घ्या, महाद्वार रोडवरच्या दहा दुकानांत दाखवा. ऑर्डर हातात आली की मग मशीनचं बघू.